प्रवाह, साखळी आणि धागा : पॉलिमर द्रावणांतील रेणूंच्या मांडणीविषयी

पॉलिमरचा रेणू म्हणजे लहान रासायनिक घटक एकापुढे एक जोडून झालेली हजारो कड्यांची साखळी. ही साखळी द्रावणात मोकळी सोडली तर सरळ राहत नाही. भोवतालच्या द्रवाचे रेणू तिला सतत धक्के देतात, प्रत्येक सांधा मनाला येईल तसा वळतो आणि साखळीचा सैल गुंता होतो. दहा हजार मोकळ्या सांध्यांची साखळी ताणून सरळ धरली तर तिची लांबी दहा हजार कड्यांची भरेल. गुंता झालेल्या त्याच साखळीच्या दोन टोकांमधले अंतर सरासरी शंभर कड्यांचे, म्हणजे पूर्ण लांबीच्या एक टक्का असते. गुंत्याचे आकार असंख्य आहेत आणि सरळ होण्याची रीत एकच, म्हणून उष्णतेच्या धक्क्यांत साखळी पुन्हा पुन्हा गुंत्याकडेच वळते. शांत द्रावणात अशा कोट्यवधी गुंत्यांना ना दिशा असते ना रांग.

द्रावण वाहू लागले की चित्र बदलते. साखळीच्या एका टोकापाशी द्रवाचा वेग एक असतो, दुसऱ्या टोकापाशी वेगळा. या फरकाने गुंता ओढला जातो, फिरतो, आणि प्रवाह पुरेसा जोरदार असेल तर उलगडतो. पुष्कळ साखळ्या एकाच दिशेला कलल्या की द्रवाचा दाटपणा बदलतो, त्यातून प्रकाश वेगळ्या रीतीने जातो, आणि ही रांग मोडण्याआधी पदार्थ घट्ट केला तर त्याच रेणूंपासून कितीतरी पट मजबूत धागा मिळतो. धाग्याची ताकद रसायनाच्या नावावरून कळत नाही. तो धागा कोणत्या प्रवाहातून, किती वेगाने आणि किती वेळात आला, हे पाहावे लागते.

भीमेवरच्या उजनी धरणाकाठी या विषयाची उदाहरणे गावोगावी आहेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या यशवंतसागर जलाशयात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्याचा फुगवटा सोलापूर जिल्ह्याच्या माढा आणि करमाळा तालुक्यांतून इंदापूर, दौंड आणि कर्जतपर्यंत पसरला आहे. करमाळ्याकडच्या काठावर केत्तूर, कुगाव, चिखलठाण, वांगी, कंदर अशी गावे आहेत. येथे होडीतून पाण्यात सोडलेली तंगूसची जाळी दिसते, केळीच्या बागेत ठिबकच्या काळ्या नळ्या दिसतात, बांधावर खताची विणलेली पोती पडलेली असतात. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाच्या काहिलीत भेंडीचा चिक पडतो. अलीकडे सोलापूर जिल्ह्यात तुतीची लागवड वाढली आहे आणि मळ्याशेजारच्या शेडमध्ये रेशीम अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, कोष विणते. यांतले काही पदार्थ पाण्यातल्या द्रावणापासून होतात, काही वितळलेल्या पॉलिमरपासून. वितळलेले पॉलिमर म्हणजे द्रावक अजिबात नसलेले द्रावण, असे मानून दोन्हींचा विचार एकत्र करता येतो. साखळ्यांवर प्रवाह करतो ते काम दोन्हीकडे एकच आहे.

प्रवाहाचे दोन मूळ प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नळीतून पाणी जाते तेव्हा भिंतीलगतचा थर जवळपास थांबलेला असतो आणि मधला थर सर्वांत वेगाने पळतो. थर एकमेकांवरून घसरतात. याला कर्तन प्रवाह म्हणतात. दुसरा प्रकार ताणणाऱ्या प्रवाहाचा. मार्ग अरुंद होत गेला किंवा धागा पुढून ओढला गेला की द्रवाचा प्रत्येक पुढचा भाग मागच्याहून जास्त वेगाने जातो आणि द्रव लांबट होत जातो. कालव्याच्या अरुंद दाराशी उसाचे पाचट वाहत येते तेव्हा हा फरक नजरेला दिसतो: काठाला घासत येणाऱ्या काड्या गरगरत राहतात, दाराच्या तोंडाशी वेग वाढतो तिथे त्या प्रवाहाच्या रेषेत सरळ होऊन आत शिरतात.

रेणूंच्या पातळीवरही तसेच घडते. कर्तनात ताणण्याइतकेच फिरवणेही असते. साखळी थोडी लांबते, प्रवाहाच्या दिशेशी कोन करते, मग कोलांटी घेऊन पुन्हा गुंता होते आणि हा क्रम चालूच राहतो. म्हणून कर्तन कितीही जोराचे असले तरी साखळीची सरासरी लांबी पूर्ण लांबीच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास अडते. ताणणाऱ्या प्रवाहात फिरवणे नसते. तिथे साखळी एकदा उलगडू लागली की तिला परत वळायला वाव मिळत नाही.

किती वेग पुरेसा, याचे उत्तर साखळीच्या स्वतःच्या चालीत आहे. ताणून सोडलेली साखळी पुन्हा गुंता व्हायला जो वेळ घेते त्याला शिथिलन काल म्हणतात. साखळी जितकी लांब आणि द्रव जितका दाट, तितका हा काल मोठा. प्रवाहाचा ताणण्याचा दर आणि शिथिलन काल यांचा गुणाकार म्हणजे वायसेनबर्ग संख्या. हा गुणाकार फार लहान असेल तर प्रवाह साखळीला ओढण्याआधीच ती सावरते आणि रांग लागत नाही. ताणणाऱ्या प्रवाहात तो सुमारे अर्ध्याच्या पुढे गेला की गुंता एकाएकी उलगडतो. १९७४ मध्ये फ्रेंच भौतिकीविज्ञ पिएर-जिल द जेन यांनी या एकाएकीपणाचे कारण मांडले. गुंत्याच्या आतल्या कड्या बाहेरच्या कड्यांच्या आडोशाला असतात, त्यांना प्रवाह लागत नाही. गुंता थोडा उघडला की आतल्या कड्याही प्रवाहात येतात, ओढ वाढते, त्यामुळे गुंता आणखी उघडतो. याचा एक परिणाम विशेष आहे: एकाच दराच्या प्रवाहात आधीपासून गुंता असलेली साखळी गुंताच राहू शकते आणि आधीच उलगडलेली साखळी उलगडलेलीच राहू शकते. रेणूची आजची अवस्था त्याच्या मागच्या प्रवासावर ठरते.

हे सारे पाहायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये कॅनडा बाल्सम हा दाट द्रव ढवळून त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला तेव्हा ढवळण्यापुरता तो द्रव स्फटिकासारखा वागला, म्हणजे प्रकाशाच्या दोन कंपनदिशांना त्याने वेगवेगळा वेग दिला. यालाच प्रवाहजन्य दुहेरी अपवर्तन म्हणतात. द्रवातले रेणू एका दिशेला कलले असल्याची ती खूण असते. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी या परिणामाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. रामन परिणामाचे ते वर्ष असल्यामुळे हे काम झाकोळले गेले, पण प्रवाह आणि रेणूंची दिशा यांचा संबंध गणिताने बांधण्याच्या भारतीय प्रयत्नांत त्याचा मान वरचा आहे. पुढे ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर आणि जेफ्री ओडेल यांनी समोरासमोरच्या दोन सूक्ष्म तोंडांतून विरळ पॉलिमर द्रावण ओढून घेतले. ठरावीक दराच्या पुढे गेल्यावर दोन तोंडांच्या मधोमध एक बारीक तेजस्वी रेघ उमटली. उलगडलेल्या साखळ्या फक्त तिथे, ताण सर्वांत जास्त वेळ मिळतो त्या रेषेवर, रांगेत होत्या. दर आणखी वाढवल्यावर साखळ्या तुटू लागल्या, आणि त्या बहुधा बरोबर मध्यावर तुटल्या, कारण ओढ मध्यावर सर्वाधिक असते.

ताणणाऱ्या प्रवाहात उलगडणारा एकेक रेणू डोळ्यांनी पाहण्याची सोय १९९०च्या दशकात झाली. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन चू, थॉमस पर्किन्स आणि डग्लस स्मिथ यांनी एका विषाणूच्या ४८,५०२ आधार-जोड्यांच्या डीएनए साखळ्यांना चमकता रंग दिला आणि त्या ताणणाऱ्या प्रवाहात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने एक ठाम समजूत हलवली. एकच लांबी, एकच प्रवाह, तरी प्रत्येक साखळी आपल्या पद्धतीने उलगडत होती. कोणी मधोमध दुमडून अडकली, कोणाच्या दोन्ही टोकांना गाठोडे राहिले, कोणी झरकन सरळ झाली. सुरुवातीला गुंता नेमका कसा पडला होता, त्यावर पुढची सगळी वाट ठरत होती. द जेन यांनी याला रेणूंचे व्यक्तिवैशिष्ट्य म्हटले. सरासरीवर उभ्या असलेल्या शास्त्राला हा निकाल मोलाचा ठरला.

विरळ द्रावणातही साखळ्यांचे उलगडणे किती प्रभावी असते, याचा सर्वांत आश्चर्यकारक पुरावा नळ्यांमधून मिळतो. बी. ए. टॉम्स यांनी १९४८ मध्ये दाखवले की द्रवात अगदी थोडे लांब साखळीचे पॉलिमर विरघळवले तर खळाळत्या प्रवाहाचे घर्षण ठळकपणे कमी होते. पुढच्या प्रयोगांत दहा लाख भागांत काही भाग इतक्या मात्रेने घर्षण निम्म्याहूनही खाली आले. खळाळत्या प्रवाहात भिंतीजवळ सतत लहान भोवरे उठतात आणि त्यांच्यामध्ये द्रव क्षणभर जोराने ताणला जातो. तिथे साखळ्या उलगडतात, ताणाला विरोध करतात आणि भोवऱ्यांचे बळ घटवतात. अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ पासून असे द्रव्य वापरले गेले. उजनीच्या फुगवट्यावरून शेतकऱ्यांनी कित्येक किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनी ओढल्या आहेत आणि घर्षणात जाणाऱ्या विजेचा खर्च त्यांना चांगला ठाऊक आहे. तरी हा उपाय पाण्याच्या पंपाला सहज लागू पडत नाही. पंपाच्या पात्यांजवळचा ताण साखळ्यांना मध्यावर तोडतो, म्हणून द्रव्य पंपाच्या पुढेच सोडावे लागते, आणि शेतात जाणारे पाणी परत येत नसल्याने ते पुन्हा पुन्हा घालावे लागते.

भेंडीच्या चिकातही लांब शर्करा-साखळ्या असतात आणि त्या चिकानेही नळीतले घर्षण कमी होत असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. गुऱ्हाळावर मात्र तो दुसऱ्या कामासाठी येतो. भेंडीची हिरवी खोडे ठेचून पाण्यात चोळली की तार धरणारा चिकट द्रव मिळतो. बोटांत धरून ओढल्यावर त्याची तार तुटत नाही, कारण तारेतला प्रवाह निव्वळ ताणणारा असतो आणि त्यात उलगडलेल्या साखळ्या तारेला धरून ठेवतात. काहिलीतल्या तापत्या रसात हा चिक घातला की आम्लधर्मी साखळ्या रसातल्या बारीक गाळाला एकाच वेळी अनेक जागी चिकटतात, कणाला कण बांधतात आणि मळी वर येते. येथेही प्रवाहाची मात्रा महत्त्वाची आहे. हलके ढवळल्याने कण एकमेकांना भेटतात. जोरात ढवळल्याने बांधलेले पुंजके पुन्हा सुटतात. मुरलेला गुळव्या रस कधी हलवायचा आणि कधी शांत ठेवायचा हे हाताच्या सवयीने जाणतो. पाणी शुद्धीकरणात कृत्रिम पॉलिमर वापरताना आधी वेगाने मिसळायचे आणि मग सावकाश ढवळायचे, हा नियम त्याच कारणाने पाळला जातो.

द्रावण दाट होत गेले की साखळ्या एकमेकींत गुंततात आणि प्रश्नाचे रूप पालटते. आता एका साखळीला शेजारणींच्या जाळ्यातून सरपटत बाहेर पडावे लागते. तिची लांबी दुप्पट झाली तर वितळलेल्या पॉलिमरचा दाटपणा सुमारे दहापट होतो. प्रवाहात साखळ्या कलू लागल्या की गुंतवळ सैल पडते आणि तोच द्रव पातळ भासतो. कापड गिरणीतली खळ, रंग, शाई, सगळे दाट पॉलिमर द्रव या गुणावर चालतात: स्थिर असताना दाट, ब्रशाखाली किंवा रुळाखाली पातळ. व्यवहारात हा गुण फार मोठा असला तरी रेणूंच्या मांडणीच्या दृष्टीने तो अपुऱ्या रांगेचाच परिणाम आहे.

काही पॉलिमरच्या साखळ्या मुळातच ताठ असतात. त्यांची गोष्ट वेगळी. लांब काठ्यांसारखे रेणू द्रावणात एका मर्यादेपेक्षा जास्त झाले की कोणत्याही प्रवाहाविना आपोआप समांतर होतात, कारण आडव्यातिडव्या काठ्यांना तेवढ्या जागेत हलायला वाव उरत नाही. लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये याचे गणित मांडले. पॉल फ्लोरी यांच्या १९५६च्या हिशेबानुसार काठीची लांबी जाडीच्या शंभरपट असेल तर द्रावणाचे सुमारे ८ टक्के आकारमान रेणूंनी व्यापले की समांतर मांडणी सुरू होते. अशा द्रावणाला द्रवस्फटिक म्हणतात. त्यात छोट्या छोट्या भागांत रांग असते, पण प्रत्येक भागाची दिशा निराळी. प्रवाहाचे काम येथे सोपे होते. त्याला गुंते उलगडायचे नसतात, तयार रांगांना एका दिशेला वळवायचे असते. ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ मध्ये अपेक्षेपेक्षा पातळ आणि गढूळ दिसणारे एक द्रावण मिळाले. ते टाकून देण्याजोगे वाटत होते, तरी त्यांनी धागा काढून पाहण्याचा आग्रह धरला. पुढे केव्हलार झाले ते या कामातून. गोळीरोधक जाकिटातला हा धागा तीव्र गंधकाम्लातल्या द्रवस्फटिक द्रावणातून बारीक छिद्रांवाटे काढतात आणि पाण्यात जाण्याआधी थोड्या हवेच्या पट्ट्यात ताणतात. अखेरची रांग त्या पट्ट्यात लागते.

लवचिक साखळ्यांना ही सवलत नाही. त्यांना प्रवाहाने उलगडावे लागते आणि उलगडताक्षणी अडकवून ठेवावे लागते, नाहीतर शिथिलन कालात सगळे पूर्ववत होते. अडकवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्फटिक बनणे. १९६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये ए. जे. पेनिंग्स यांनी पॉलिएथिलीनचे द्रावण ढवळत थंड केले तेव्हा त्यात विलक्षण आकाराचे स्फटिक वाढले: मधोमध सरळ साखळ्यांचा लांब गाभा आणि त्यावर ओवलेल्या चकत्यांसारखे दुमडलेल्या साखळ्यांचे थर. सर्वांत लांब साखळ्या प्रवाहात आधी उलगडल्या, त्यांनी गाभा केला, आणि बाकीच्यांनी त्यावर आधार घेतला. याच समजुतीतून पुढे डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९८०च्या सुमारास जेलमधून धागा ओढण्याची पद्धत सिद्ध केली. अतिलांब साखळ्यांचे विरळसर द्रावण घेतल्यामुळे त्यांच्या गाठी मोजक्याच राहतात, मग थंड केलेला जेल-धागा कितीतरी पट ताणता येतो. पिशवीच्या प्लास्टिकची ताठरता एका गिगापास्कलहून कमी असते; त्याच पॉलिएथिलीनच्या स्फटिकाची साखळीच्या दिशेने ताठरता सुमारे २५० गिगापास्कल आहे. जेलमधून ओढलेला धागा या दुसऱ्या आकड्याच्या दिशेने पुष्कळ पुढे जातो. या दोन आकड्यांमधले अंतर संपूर्णपणे रांगेचे आहे.

या क्षेत्रात पुण्याचे नाव आवर्जून घ्यावे लागते. १९५० मध्ये पाषाणला सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये आले आणि पॉलिमर द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास तेथे मूळ धरून वाढला. त्यांच्यानंतरच्या पिढीत आशिष लेले यांनी पॉलिमरच्या प्रवाहशास्त्रात काम केले. त्यांना २००६ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये ते या प्रयोगशाळेचे संचालक झाले. गुरुस्वामी कुमारस्वामी यांनी अमेरिकेत कॅलटेकमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस पॉलिप्रॉपिलीनवर केलेल्या प्रयोगांत, वितळलेल्या पॉलिमरला क्षणभर दिलेल्या कर्तनाचा ठसा पुढे वाढणाऱ्या स्फटिकांवर कसा उमटतो हे प्रकाशाच्या साहाय्याने दाखवले, आणि नंतर ते याच प्रयोगशाळेत काम करू लागले. पाषाणचे पाणी रामनदी, मुळा आणि मुळा-मुठेवाटे भीमेला मिळते आणि उजनीतच येते.

उजनीत सोडलेल्या जाळ्याचा तंगूस बहुतेक नायलॉन-६ चा असतो. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३८ मध्ये हे पॉलिमर बनवले. ते सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला द्रव छिद्रातून पाण्यात सोडून थंड केल्यावर जो धागा मिळतो तो जाड, मऊ आणि कमकुवत असतो. छिद्रातल्या कर्तनाने लागलेली थोडी रांग बाहेर पडताच बरीचशी मोडलेली असते. मग तो गरम करून रुळांच्या दोन जोड्यांमध्ये ओढतात. पुढची जोडी मागचीपेक्षा चार-पाच पट वेगाने फिरते आणि धागा तेवढाच लांब व बारीक होतो. नायलॉनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध त्या रांगेला जागच्या जागी धरून ठेवतात. पाण्यात जवळजवळ न दिसणारा हा बारीक धागा कटला, रोहू आणि चिलापीची धडपड पेलतो ते या ओढण्यामुळे. त्याची उणीवही तेथूनच येते. ताकद लांबीच्या दिशेने एकवटल्यामुळे गाठीत, जिथे धागा तीव्रपणे वळतो, तो सरळ धाग्यापेक्षा कमी ताण सोसतो. उन्हात साखळ्या तुटत गेल्या की जुने जाळे हाताने ओढल्यावर फाटते.

खताच्या पोत्याची पट्टी हे सर्वांत सोपे प्रात्यक्षिक आहे. पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पापुद्रा कापून त्याच्या पट्ट्या गरम करून पाच ते सात पट ओढतात आणि मग विणतात. पोत्यातून काढलेली एक पट्टी लांबीच्या दिशेने ओढून तोडणे कठीण जाते. तीच पट्टी नखाने उभी चिरली तर बारीक तंतूंमध्ये सहज फाटत जाते. साखळ्या लांबीच्या दिशेने समांतर आहेत, त्यांना एकमेकींशी आडवे जोडणारे फारसे काही उरलेले नाही. ठिबकच्या नळीत याच्या उलट हवे असते. आतल्या पाण्याचा दाब नळीला आडवा ताणतो, त्यामुळे लांबीच्या दिशेने फार रांग लागलेली नळी धोक्याची. म्हणून नळी यंत्रातून बाहेर येताना ओढ माफक ठेवतात आणि तयार नळीचा तुकडा तापवून तो लांबीला किती आखडतो हे मोजतात. आखडणे म्हणजे गोठवून ठेवलेली रांग उष्णता मिळताच पुन्हा गुंत्याकडे जाणे. कारखान्यातल्या प्रवाहाची नोंद नळी अशा रीतीने आपल्यात साठवून ठेवते.

आता रेशीम. प्रवाहाने रेणूंची मांडणी करण्याच्या कलेत मानवी कारखान्यांपेक्षा ही अळी आजही पुढे आहे, आणि ती हे काम साध्या तापमानाला, पाण्यातल्या द्रावणातून करते. अळ्या तुतीचा पाला खाऊन चार वेळा कात टाकतात आणि पाचव्या अवस्थेच्या शेवटी पिकतात. तेव्हा त्यांच्या शरीरातल्या जोड-ग्रंथी फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाच्या द्रावणाने भरलेल्या असतात. फायब्रॉइनची मोठी साखळी ५,२६३ अमिनो आम्लांची असते आणि तिच्यात ग्लायसिन, अॅलॅनिन, सेरीन यांची ठरावीक आवर्तने पुन्हा पुन्हा येतात. ग्रंथीत या प्रथिनाचे प्रमाण सुमारे २५ ते ३० टक्के असते. एवढे दाट प्रथिन ग्रंथीत गोठत कसे नाही, हेच नवल आहे. द्रावण मधापेक्षा शेकडो पटींनी घट्ट असते, तरी प्रवाही राहते.

ग्रंथीपासून तोंडाकडे जाणारी नलिका लांब असून हळूहळू अरुंद होत जाते. तिच्यातून द्रावण पुढे सरकते तसतसे त्याचा सामू (pH) सुमारे ८ वरून ६ च्या आसपास उतरतो आणि क्षारांचे प्रमाण बदलते. या बदलांनी साखळ्या एकमेकींना धरण्याच्या तयारीत येतात. अरुंद होणारी नलिका त्यांना ताणते. फ्रिट्झ व्होलराथ आणि डेव्हिड नाइट यांनी २००१ मध्ये कोळ्याच्या ग्रंथींविषयी मांडलेल्या विवेचनानुसार द्रावण नलिकेत द्रवस्फटिकासारखे वागते; तयार होत जाणारी दिशा प्रवाह पुढे नेतो. शेवटची आणि निर्णायक ओढ मात्र नलिकेच्या बाहेर आहे. अळी धागा पिचकारीसारखा फेकत नाही. ती त्याचे टोक चंद्रिकेला चिकटवते आणि इंग्रजी आठच्या आकारात डोके फिरवत मागे सरते. धागा तिच्या डोक्याच्या हालचालीने ओढला जातो. सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर, असा हा वेग आहे. या ओढीत साखळ्यांची आवर्तने शेजारी शेजारी बसतात, त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात, बारीक स्फटिक बनतात आणि पाणी बाहेर पडते. एकदा झालेली ही घडी पाण्यात परत विरघळत नाही. दोन ग्रंथींचे दोन तंतू सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाने जोडले जातात आणि दोन-तीन दिवसांत सुमारे हजार मीटर अखंड धाग्याचा कोष पुरा होतो.

ओढीच्या वेगाचे महत्त्व झेंगझोंग शाओ आणि व्होलराथ यांनी २००२ मध्ये थेट दाखवून दिले. अळीचे डोके बांधून ठेवून धागा यंत्राने वेगवेगळ्या वेगाने ओढला, तेव्हा जास्त वेगाने काढलेला धागा जास्त मजबूत झाला आणि कोळ्याच्या धाग्याच्या जवळ पोचला. अळी तीच, प्रथिन तेच, फरक फक्त ओढण्याचा. ख्रिस हॉलंड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रेशमाचे द्रावण आणि वितळलेले पॉलिएथिलीन या दोहोंना प्रवाह देऊन तंतुरूप होण्यासाठी लागणारी ऊर्जा तपासली. रेशमाला सुमारे हजारपट कमी ऊर्जा लागली. कारण पाण्यात आहे: फायब्रॉइनच्या साखळीला चिकटलेले पाण्याचे रेणू तिला विरघळलेले ठेवतात, आणि प्रवाहाचा थोडा ताण त्यांना सोडवायला पुरेसा होतो. पॉलिएथिलीनला आधी वितळवावे लागते आणि मग त्याची उष्णता काढून घ्यावी लागते.

शेडमधल्या रोजच्या काळजीचाही या शास्त्राशी संबंध आहे. कोष बांधणीच्या काळात हवा खेळती आणि आर्द्रता माफक ठेवण्याचा सल्ला दिला जातो. दमट, कोंदट हवेत सेरिसिन सावकाश वाळते, थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि रिलिंगच्या, म्हणजे कोषाचा धागा उकलण्याच्या, वेळी तो वारंवार तुटतो. एकसारखा न ओढलेला धागा जागोजागी जाड-बारीक होतो. पूर्वी इकडचे शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात; २०१८ मध्ये जालन्याला कोष बाजार सुरू झाल्यापासून प्रवास कमी झाला आहे. बाजारात भाव ठरतो तो कोषाच्या वजनाबरोबर त्यातून सलग धागा किती निघेल यावर, म्हणजे अळीने केलेल्या ओढीच्या सातत्यावर.

रेशीम विरघळवून पुन्हा कातण्याचे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून सेरिसिन काढतात, राहिलेला तंतू लिथियम ब्रोमाइडच्या संपृक्तप्राय द्रावणात विरघळवतात, मीठ काढून टाकतात आणि उरलेले प्रथिनाचे द्रावण छिद्रातून ओढतात. मिळणारा धागा बहुतेक वेळा अळीच्या धाग्यापेक्षा कमकुवत ठरतो. याचे एक कारण आरंभीच्या उकळण्यातच आहे. सोड्यात उकळताना फायब्रॉइनच्या साखळ्या तुटून आखूड होतात. साखळी आखूड झाली की शिथिलन काल झपाट्याने घटतो, आणि ज्या वेगाच्या ओढीत अळीच्या ग्रंथीतली अखंड साखळी सरळ राहते त्याच ओढीत ही तुटकी साखळी पुन्हा गुंता होऊन जाते. म्हणून अलीकडे साखळ्या न तोडता सेरिसिन काढण्याच्या सौम्य पद्धती शोधल्या जात आहेत, आणि छिद्राऐवजी अळीच्या नलिकेसारख्या लांब, निमुळत्या वाटेत सामू आणि क्षार बदलत नेऊन शेवटी धागा ओढून घेण्याची रचना केली जात आहे.